दोन चुली, एक फॉर्म

सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत निवडलेल्या घरांतल्या प्रत्येक माणसाला दोन अंकी आकडा मिळतो. स्वतःची शेती किंवा धंदा असेल तर ११, घरच्याच शेतात बिनपगारी हातभार लावत असेल तर २१, महिन्याचा पगार असेल तर ३१, रोजंदारी असेल तर ५१, शाळा-कॉलेज असेल तर ९१. फक्त घरकाम करणारीला ९२. त्यापुढचा ९३ आमच्या भागातल्या बायांसाठीच काढलाय की काय, असं मला कायम वाटत आलंय. घरकाम करून वर सरपण गोळा करणारी, गुरांना चारा आणणारी, घरच्यांचे कपडे शिवणारी बाई म्हणजे ९३. एवढं करूनही ९२ आणि ९३ यांची गणना काम करणाऱ्यांत होत नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहानशा संस्थेत सर्वेक्षणाचे कागद सांभाळते. पूर्वी दारोदार फिरून फॉर्म भरायचे. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून भरलेले फॉर्म जपते. ऊसतोड कामगारांची घरं, त्यांची उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ मजुरी), लग्नं, बाळंतपणं, दुखणी, मुलांच्या शाळा असं बरंच काही त्यांत आहे. काही पत्र्याच्या ट्रंकांत, काही सीडींवर, काही या कॉम्प्युटरमधून त्या कॉम्प्युटरमध्ये फिरत आलेल्या फायलींत. सर्वेक्षण करणारा गावाला दिसतो, अहवाल लिहिणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर येतं. अहवालाचं प्रकाशन झालं, शाल-श्रीफळ झालं, की त्यामागच्या कागदांचं काय होतं हे सहसा कुणी विचारत नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात चहापाण्याला रकाना असतो, पुढची वीस वर्षं फॉर्म जपायला नसतो.

पाहणीतला पहिला प्रश्न साधा असतो: मागच्या ३६५ दिवसांत बहुतेक वेळ काय केलं? एका मावशींना तो विचारला तर त्या म्हणाल्या, “बाई, काय नाय केलं ते इचारा. लवकर हुईल.” त्यांचं वर्ष मी मनाशी मांडून पाहिलं. दसरा-दिवाळी ते पाडव्याच्या आसपासपर्यंत दुसऱ्याच्या उसात, म्हणजे ५१. पावसाळ्यात घरच्या कोरडवाहू रानात सोयाबीन-तुरीची खुरपणी, म्हणजे २१. मधल्या उन्हाळ्यात पाणी, सरपण, शेळ्या, म्हणजे ९३. मुख्य स्थिती ठरते ती जास्त काळ कशात गेला त्यावरून. उरलेलं ‘दुय्यम स्थिती’च्या रकान्यात जातं, तेही किमान तीस दिवस भरले तर. विचारणाऱ्याने धीर धरून महिन्यामागून महिना विचारला तर बाई नोंदीत येते. संध्याकाळची एसटी चुकेल म्हणून तो घाईत असला, की ९३ लिहून मोकळा होतो. कधी कधी तर प्रश्न बाईला विचारलेलाच नसतो. ओट्यावर बसलेला दीर सांगतो, “घरीच असते.”

वेळेच्या पाहणीने यातलं थोडं उजेडात आणलं. देशभराची पहिली वेळ-वापर पाहणी २०१९ साली झाली, दुसरी २०२४ साली. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बायांचा दिवसाला सरासरी वेळ २०१९ मध्ये २९९ मिनिटं होता आणि पुरुषांचा ९७. पाच वर्षांनी तो २८९ आणि ८८ झाला. दोघांचा वेळ कमी झाला, अंतर जवळपास तेवढंच राहिलं. या पाहणीत दिवस पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ असा धरतात आणि त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडतात. एरवी हे ठीक आहे. पण कोपीवरची, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामापुरत्या झोपडीत राहणारी बाई तीनला उठून भाकरी थापते, चारला उसाच्या फडाच्या वाटेवर असते. फडात दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायच्या. तिच्या दिवसाचं तोंड कालच्या तारखेत जातं आणि शेपूट उद्याच्या.

टोळीच्या हिशेबात तर ती एकटी अशी नसतेच. तिथे मोजतात तो कोयता, आणि कोयता म्हणजे जोडपं. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. उचल जोडप्यावर दिली जाते, पण मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं आणि सही किंवा अंगठाही त्याचाच. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. वर्तमानपत्रांत हे आलं तेव्हा मी आमच्या फायलीत पाहायला गेले, की या वाढीतलं बाईच्या हातात किती पडेल याचा काही अंदाज बांधता येतो का. मजुरीच्या रकान्यात बाईचा आकडा कुठेच नव्हता. असणार कसा? वहीत जे वेगळं लिहिलेलं नाही ते फॉर्ममध्ये वेगळं कुठून येणार. मात्र ‘इतर उत्पन्न’ या शेवटच्या, कंटाळून भरायच्या रकान्यात पुष्कळ ठिकाणी ‘वाढं’ असं लिहिलेलं सापडलं. उसाचे हिरवे शेंडे बाया पेंढ्या बांधून विकतात, त्या पैशातून मीठ-मिरची, चहा-साखर होते. एवढा पैसा बाईचा म्हणता येईल असा होता. अहवालात तो ‘किरकोळ’ म्हणून बेरजेत विरून गेला होता.

कुटुंबाची व्याख्या हा आणखी एक घोळ. सरकारी पाहणीत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. आमच्याकडे दसरा झाला की घराच्या दोन चुली होतात. एक पेटते कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात कोपीपुढे, दुसरी गावात म्हातारीजवळ. शाळेत जाणारी पोरं म्हातारीकडे किंवा हंगामी वसतिगृहात, अंगावरचं पोर आईबरोबर. थोरली मुलगी कुठे असेल ते त्या वर्षीच्या परिस्थितीवर ठरतं. तान्हं सांभाळायला कुणी नसेल तर ती कोपीवर जाते आणि शाळेच्या पटावर तिचं नाव तेवढं राहतं. तिला कोणत्या चुलीवर मोजायचं? आम्ही दोन्हीकडे मोजलं आणि प्रत्येकीपुढे महिने लिहिले. ज्याला घरातल्या माणसांची बेरीज हवी असते त्याला हे फार त्रासदायक होतं, कारण बेरीज माणसांपेक्षा जास्त भरते.

मोठ्या पाहण्यांना हे परवडत नाही, ते समजतं. पण न परवडण्याचा परिणाम कुणावर होतो तेही पाहायला हवं. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. ऐन हंगामात. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरलाय, म्हणजे तेव्हाही वाड्यांवर म्हातारी माणसं आणि शेळ्या असतील. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ च्या स्थलांतराच्या फेरीत थोड्या काळासाठी कामाला जाणारा कोण, तर एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेला. कारखाना लवकर बंद झाला तर आमची माणसं त्या व्याख्येत बसतात, हंगाम लांबला की बाहेर पडतात. एकाच बाईचं एकच काम, आणि ती स्थलांतरित आहे की नाही हे ठरवणार उसाचं पीक किती आलं ते. म्हणून आमची पाहणी आम्ही नेहमी आषाढापासून नवरात्रापर्यंत करतो. रस्त्यांत चिखल असतो, पण माणसं घरी सापडतात.

वयाचं तर विचारूच नका. जुन्या फॉर्मांत सगळी वाडी चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशा पायऱ्यांवर उभी दिसते. मग आम्ही बहात्तरचा दुष्काळ आणि किल्लारीचा भूकंप धरून विचारू लागलो. “बहात्तरला मी खडी फोडायला जात हुते, सुकडी खायाला मिळायची” म्हटलं की बाईचं वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने काढता येतं. भूकंपाच्या वेळी पोटात कोण होतं हे आई कधी विसरत नाही.

लग्नाच्या वयाचं मात्र कुठलाही दुष्काळ सांगत नाही. आमच्या अलीकडच्या फॉर्मांत ‘लग्नाच्या वेळी वय’ या रकान्यात १८ ची रांगच्या रांग आहे. सगळ्यांना कायदा ठाऊक झालाय. थोरल्या मुलाचं वय विचारलं की तीच रांग मोडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, बीडमध्ये वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी ४३.७ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, परभणीत ४८. मुलीला मागे एकटं ठेवता येत नाही, सोबत नेलं तर कोपीला दार नाही, आणि लग्न झालं की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण होतो. ही कारणं फॉर्ममध्ये ‘शेरा’ या ओळीत येतात. आता अडचण अशी, की बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवकच काम पाहतो आणि ऊसतोड कामगारांची नोंदणीही त्याच्याच हातून होते. ज्या घराने विश्वासाने खरं वय सांगितलं, त्याचा कागद चुकून त्याच्या टेबलावर गेला तर पुढे काय होईल सांगता येत नाही. बालविवाह थांबले पाहिजेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दारात बसून ‘तुमचं नाव बाहेर जाणार नाही’ असं म्हणून घेतलेलं उत्तर त्यासाठी वापरता येणार नाही, याबद्दलही नाही.

आकडा बाहेर जाण्याचे दोन्ही परिणाम आम्ही २०१९ मध्ये पाहिले. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पेटला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींनी पिशवी काढल्याचं सांगितलं. या आधी वर्षानुवर्षं बाया एकमेकींत हे बोलत होत्या, आरोग्य शिबिरांत सांगत होत्या, पण ‘असं काही काही ठिकाणी असेल’ यापलीकडे कुणी जात नव्हतं. आकडा आल्यावर विधिमंडळात चर्चा झाली, खासगी दवाखान्यांवर परवानगीची अट आली. हे त्या मोजणीमुळेच झालं.

त्याच आकड्यामागे कॅमेरेही आले. गर्भाशय नसलेल्या बायांचं गाव, असे मथळे देशविदेशात छापले गेले. गावांची नावं छापली गेली, बायांचे चेहरे दाखवले गेले. एका गावात पोरींच्या सोयरिकीला येणारे पाहुणे चौकशी करू लागले, म्हणून म्हाताऱ्यांनी ठरवलं की यापुढे वहीवाल्या बायांना पाणी द्यायचं, उत्तर द्यायचं नाही. आमच्या फॉर्मांतला ‘उत्तर दिले नाही’ हा रकाना त्या वर्षी फुगला. बाहेरच्या अभ्यासकाला ती गळती वाटेल. ती कुठून आली हे ज्याला माहीत आहे त्याने ते फायलीपाशी लिहून ठेवलं नाही, तर काही वर्षांनी कुणीतरी ‘प्रतिसाद कमी, कारण निरक्षरता’ असं लिहील. मी लिहून ठेवलंय.

नाव काढून टाकलं की माणूस लपतो हा समज शहरातला आहे. डोंगरपट्ट्यातल्या वाडीत तीस-चाळीस उंबरे, तांड्यावर त्याहून कमी. त्या वाडीतली बत्तिसाव्या वर्षी ऑपरेशन झालेली, तीन मुलींची आई, नवरा टायरगाडीवर, एवढं लिहिलं तर नावाची गरज कुणाला पडते? शेजारच्या गावचा किराणा दुकानदारसुद्धा सांगेल. आंतरराष्ट्रीय धर्तीच्या आरोग्य पाहण्यांत गावांची जागा नकाशावर दाखवताना मुद्दाम सरकवतात. ग्रामीण भागात पाच किलोमीटरपर्यंत, आणि शंभरातलं एखादं ठिकाण दहापर्यंत. ही युक्ती मला पहिल्यांदा ऐकली तेव्हा फसवणूक वाटली होती, आता शहाणपणाची वाटते. आम्ही वाडीचं नाव काढून फक्त तालुका ठेवतो, वय पाच वर्षांच्या गटात टाकतो, आणि तक्त्यात एखाद्या चौकोनात पाचाहून कमी बाया आल्या तर तो चौकोन कोरा सोडतो. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या फायलीत, वेगळ्या कुलपात. अभ्यासक कुरकुरतात. कोरे चौकोन पाहून एकाने विचारलं, “मॅडम, मग यात उरलं काय?” उरलं ते पुष्कळ आहे, फक्त त्यात एखादीचं घर सापडत नाही.

जपणूक म्हणजे नुसतं कुलूप मात्र नव्हे, आणि खरी झटापट इथेच असते. आमच्या सुरुवातीच्या फायली श्री-लिपीत टाइप केलेल्या. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा. त्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटली, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हरवले, काही आडनावं अशी झाली की त्या घरच्यांनी हसून लोळावं. ‘माहीत नाही’साठी ९९ आणि ‘लागू नाही’साठी ८८ असे आकडे वापरलेले. हे सांगणारा कागद, ज्याला कोडबुक म्हणतात, तो फायलीसोबत गेला नाही तर काय होतं त्याचा नमुना: बाहेरगावच्या एका विद्यार्थ्याने सासवांच्या वयाची सरासरी काढली, आणि डोंगरपट्ट्यातल्या म्हाताऱ्यांच्या दीर्घायुष्याचं गुपित शोधायला त्याचा प्रबंध निघाला होता. वेळेवर फोन केला म्हणून बरं. काही जुन्या प्रश्नावल्या तर अशा, की उत्तरं आहेत आणि प्रश्न गेले. ‘प्र. २३: होय’. कशाला होय?

जिल्हेही एका जागी राहत नाहीत. जालना १ मे १९८१ ला झाला, आणि त्या वर्षीची जनगणना फेब्रुवारीतच उरकली होती. लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. म्हणजे १९९१ च्या परभणीत हिंगोली आहे आणि २००१ च्या परभणीत नाही. ‘परभणीत कामकरी बाया घटल्या’ असं म्हणण्याआधी कोणती परभणी ते विचारावं लागतं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. कॉम्प्युटरला सांगितल्याशिवाय ते दोन नवे जिल्हे वाटतात. भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेतली कितीतरी गावं नव्या जागी वसवली गेली, त्यांची जुनी जागा आणि नवी जागा एकाच नावाने नोंदींत आहेत. हे सगळं मी एका जाड वहीत लिहीत असते. कुणी ती वही अजून मागितलेली नाही, पण फायलींपेक्षा तिलाच जास्त जपावं असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट फायलीत कधीच चढली नाही, ती म्हणजे फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं. ‘सासू शेजारी बसून होती.’ ‘नवरा आल्यावर उत्तर बदलले.’ ‘मार लागल्याची खूण, विचारले नाही.’ ‘मुलगी दाराआडून मान हलवत होती, नाही नाही.’ डेटा एंट्री करणाऱ्या पोराला या शेऱ्यांसाठी रकानाच दिलेला नव्हता, त्याने ते सोडून दिले आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. कौटुंबिक आयुष्याबद्दल आमच्याकडे जे सर्वांत खरं आहे ते त्या कडांवर आहे. आता नवीन फॉर्मात ‘मुलाखतीच्या वेळी कोण हजर होते’ असा रकाना घातलाय. जुन्या फॉर्मांच्या कडा वाचून मी तो रकाना मागे जाऊन भरतेय. ते काम कधी संपेल असं दिसत नाही. पण जेवढं झालंय त्यात दिसतं ते एवढं: सासू शेजारी असताना ‘घरी निर्णय कोण घेतं’ याचं उत्तर नेहमी ‘सगळे मिळून’ असं येतं.

माहिती मागायला कोण कोण येतं! पीएचडीची मुलं येतात, त्यांना बहुतेक वेळा शुक्रवारपर्यंत हवी असते. पत्रकार येतात, त्यांना आकडा नको असतो, ‘एखादी केस’ हवी असते. दिवाळीआधी एकदा एक मुकादम आला होता. चांगले कपडे, बोलणं गोड. “ताई, कुणी कुणाची उचल घेऊन दुसऱ्याच गाडीवर गेलं ते तुमच्या कागदात असंल की. यादी दिली तर बरं होईल, आमचे पैसे बुडायलेत.” त्याचे पैसे खरोखर बुडाले असतील, दुबार उचल घेणारेही असतात. पण त्या यादीचा उपयोग काय झाला असता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चहा पाजून परत पाठवला. महिला बचत गटांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा माणूसही येऊन गेला, त्याला घरावरच्या कर्जाचा रकाना हवा होता. आमच्या आधीच्या कार्यवाहांचं म्हणणं असायचं, की म्हणूनच कुणालाच काही देऊ नये, कपाट बंद ते बंद. मला ते कधी पटलं नाही. बंद कपाटातल्या फॉर्मांना वाळवीशिवाय वाचक मिळत नाही, आणि ज्या बायांनी तास-तास बसून सांगितलं त्यांनी ते वाळवीसाठी सांगितलेलं नव्हतं.

सरकारी नमुना पाहण्यांची मूळ माहिती आता सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून कुणालाही फुकट उतरवून घेता येते. अंबाजोगाईच्या पोरीला पुण्या-मुंबईला न जाता हे मिळतं, ही फार मोठी सोय आहे, तिचं कौतुक मला अजून संपलेलं नाही. कुटुंब आरोग्य पाहणीचं तसं नव्हतं. पाहणी मुंबईतल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने करायची, पण तपशीलवार फायली जगभरचे अभ्यासक मागायचे त्या अमेरिकेच्या मदतीवर चालणाऱ्या कार्यक्रमाकडून. २०२५ च्या फेब्रुवारीत तिकडची मदत थांबली आणि नव्या मागण्या घेणंही थांबलं. आमच्या तांड्यावरच्या बाईने दिलेल्या उत्तराची किल्ली इतक्या लांब कुणाच्या खिशात होती, हे मला तेव्हा लख्ख कळलं. तेव्हापासून आमच्या फायलींची एक प्रत संस्थेत, एक जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात अशी सोय केली. ग्रंथपाल हुशार आहेत, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आणि उद्या संस्था बंद झाली तर परवानगी कुणी द्यायची?” याचं उत्तर आम्ही अजून कागदावर आणलेलं नाही, वाद चालू आहेत.

आधी गावात वाचायचं आणि मग बाहेर द्यायचं, हा नियम मात्र पक्का केलाय. पहिल्यांदा मारुतीच्या देवळात सभामंडपात वाचलं तेव्हा पुढे सगळे पुरुष. माना डोलावल्या, कुणी काही बोललं नाही. मग अंगणवाडीत दुपारी फक्त बायांपुढे वाचलं, तेव्हा तक्त्यांचं पार पोस्टमॉर्टेम झालं. ‘हंगामात आजारी पडल्याचे दिवस’ या आकड्यावर सगळ्या हसायला लागल्या. एक जण म्हणाली, “आजारी पडलं तरी कामाला जावंच लागतंय. खाडा झाला की वर दंड. तुम्ही इचारलं आजारपणात घरी किती दिवस व्हता, आम्ही म्हणलो एक नाय तर दोन. आजारी किती दिवस व्हता असं कुठं इचारलं?” फॉर्म पाहिला. प्रश्न खरंच तसाच होता. आता दोन प्रश्न आहेत.

एवढं सगळं लपवण्याचं शास्त्र उभं केल्यावर गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या आणि त्यांनी ते उलटंच केलं. त्यांना स्वतःचा जुना फॉर्म हवा होता, नावासकट. ऊसतोड कामगार म्हणून नोंदणी करायची होती, ओळखपत्र हवं होतं. यजमान वारले, मुकादमाच्या वहीत त्यांचं नाव कधी नव्हतंच, आणि ग्रामपंचायतीत विचारलं की तुम्ही ऊस तोडायला जात होता याला पुरावा काय. हातावरचे घट्टे दाखवले तर ते चालत नाहीत. “तुमच्याकडची ती पोरगी आल्ती, समदं लिहून नेलं. किती साल गेले, कोणत्या कारखान्यावर, किती उचल. त्यो कागूद द्या.”

जनगणनेच्या कागदाबाबत हा प्रश्नच येत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने त्यातली नोंद कुणाला पाहता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. आमचा फॉर्म कुठल्या कायद्याखाली येतो यावर बैठकीत पुष्कळ काथ्याकूट झाला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. म्हणजे ट्रंकेतला फॉर्म कायद्याबाहेर, आणि तोच स्कॅन केला की कायद्यात. कुणी म्हणालं, एकीला दिलं तर पायंडा पडेल. कुणी म्हणालं, त्याच फॉर्ममध्ये सुनेची माहितीही आहे, तिला विचारलंय का? हा मुद्दा खरा होता, आणि तो काढणारी मुलगी आमच्यात सगळ्यांत लहान. शेवटी कुलपातली यादी काढून क्रमांक शोधला, ट्रंक उपसली. आजींच्या स्वतःच्या कामाचं पान तेवढं वेगळं काढून त्याची प्रत दिली, सुनेचं पान ट्रंकेतच ठेवलं. प्रतीवर शिक्का मारला, पाहणीची तारीख घातली, खाली लिहिलं: ‘माहिती स्वतः कामगार महिलेने सांगितल्याप्रमाणे.’

ग्रामपंचायतीने तो कागद ठेवून घेतलाय, ओळखपत्राचं अजून झालेलं नाही. दरम्यान त्याच वाडीतल्या आणखी बायांचे निरोप आलेत. त्यांतल्या दोघींचे फॉर्म श्री-लिपीतल्या काळातले आहेत आणि मूळ कागद पुराच्या वर्षी भिजलेल्या गठ्ठ्यात. ते सोमवारपासून वाळवायला घेतोय.